नागपुरातील स्वयंपाकघर आणि महागडी उपकरणे: निवड, बसवणी आणि निगा

नागपुरात नवे घर बांधताना किंवा जुन्या घराचे स्वयंपाकघर नव्याने करून घेताना हॉब (ओट्यात बसवलेली शेगडी), चिमणी, बिल्ट-इन ओव्हन, डिशवॉशर, उंची सिंक आणि नळ यांवर आता काही लाख रुपये सहज खर्च होतात. बहुतेक घरांत या खरेदीची सुरुवात शोरूममधून होते. तेथे आवडलेली वस्तू घरी येते आणि मग ती बसवण्यासाठी पाणी, वीज आणि भिंत यांची जुळवाजुळव सुरू होते. हा क्रम उलटा असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. यांपैकी बऱ्याच यंत्रांची मूळ रचना थंड हवामानाच्या देशांतील स्वयंपाकघरे डोळ्यांसमोर ठेवून झालेली असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, अनेक वस्त्यांत बोअरवेलचे पाणी वापरले जाते, वादळी पावसात वीज ये-जा करते आणि कढईत रोज फोडणी तडतडते. म्हणून आधी आपले घर तपासावे, त्याची नोंद कागदावर घ्यावी आणि तो कागद घेऊनच दुकानात जावे.

पाण्याची परीक्षा सर्वांत आधी

महानगरपालिकेचे पाणी मुख्यतः पेंच प्रकल्पाच्या जलाशयातून आणि कन्हान नदीतून येते. हे पाणी जमिनीवरचे असल्यामुळे बोअरवेलच्या पाण्याच्या मानाने त्यात क्षार कमी असतात. शहराच्या कडेने वाढलेल्या नव्या वस्त्यांत मात्र बोअरवेल किंवा टँकरवर भिस्त असते, आणि काही इमारतींत दोन्ही पाणी एकाच टाकीत मिसळते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने एकूण काठिण्याची, म्हणजे पाण्याच्या जडपणाची, स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर कमाल मर्यादा ६०० मिलिग्रॅम ठेवली आहे. पिण्यास चालणारे पाणी यंत्रालाही चालेलच असे नाही. पाण्यात विरघळलेले कॅल्शियमचे बायकार्बोनेट पाणी तापले की कॅल्शियम कार्बोनेट होऊन बाहेर पडते आणि डिशवॉशरच्या हीटरवर, गीझरच्या कॉइलवर आणि वाफेच्या ओव्हनच्या नळीत पांढरा, टणक थर धरते.

बाजारात मिळणाऱ्या पेनासारख्या टीडीएस मीटरवर येथे विसंबू नये. तो पाण्यातील एकूण विरघळलेले पदार्थ दाखवतो, काठिण्य दाखवत नाही. काठिण्यासाठी थेंब टाकून रंग बदलण्याचा संच किंवा कागदी पट्ट्या मिळतात; पाण्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेचा अहवाल घेतला तर अधिक चांगले. ही तपासणी एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा एप्रिल-मेमध्ये करावी, कारण उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की त्याच नळातून अगदी वेगळे पाणी येऊ लागते.

हा आकडा डिशवॉशर घेताना थेट उपयोगी पडतो. चांगल्या यंत्रात पाणी मऊ करणारी रेझिनची टाकी असते, आणि तिला आपल्या पाण्याचे काठिण्य सांगावे लागते. अडचण अशी, की आपल्याकडील अहवाल मिलिग्रॅममध्ये असतो आणि युरोपीय यंत्राच्या पुस्तिकेत बहुधा जर्मन अंश दिलेले असतात. एक जर्मन अंश म्हणजे लिटरला सुमारे १७.८ मिलिग्रॅम, म्हणजे ४०० मिलिग्रॅम काठिण्याचे बोअरवेलचे पाणी सुमारे २२ अंशांचे झाले. यंत्र बसवणारा कारागीर कारखान्यातून आलेली सेटिंग तशीच ठेवून जाऊ शकतो. त्याच्यासमोरच ती बदलून घ्यावी, आणि टँकरचे पाणी सुरू झाल्यावर स्वतः पुन्हा बदलावी. रेझिन ताजे करणाऱ्या मिठाच्या कप्प्यात डिशवॉशरसाठीचे जाड मीठच घालावे. घरातल्या बारीक आयोडीनयुक्त मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेले पदार्थ असतात, आणि तेच रेझिन बुजवतात. मीठ भरताना आत सांडलेले खारे पाणी स्टीलला खाते, म्हणून मीठ भरल्यावर लगेच धुलाईचे एक चक्र चालवावे.

डिशवॉशरमध्ये तेलकट भांडी नीट निघत नाहीत, अशी जी शंका घेतली जाते, ती मला फारशी पटत नाही. सावजी रश्श्याची तर्री लागलेले स्टीलचे पातेले ७० अंशांच्या आसपासच्या तीव्र धुलाईत स्वच्छ निघते. फक्त आत ठेवण्याआधी त्यातील मसाला आणि हाडांचे तुकडे झटकून टाकावेत, कारण यंत्राच्या तळाची जाळी त्यानेच तुंबते. ही जाळी आठवड्यातून एकदा काढून जुन्या टूथब्रशने घासावी. पितळी आणि तांब्याची भांडी, बिडाचा तवा, ॲल्युमिनियमची कढई आणि लाकडी पोळपाट-लाटणे मात्र त्यात कधीही घालू नयेत. हळदीचे डाग प्लास्टिकच्या डब्यांवरून पूर्णपणे जातील, अशीही अपेक्षा ठेवू नये.

पिण्याच्या पाण्याच्या यंत्राबद्दल थोडक्यात सांगतो. पाण्याचा टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल आणि पाण्यात इतर रासायनिक दोष नसेल, तर आरओची गरज सहसा नसते. यूव्ही (अतिनील किरणे) आणि यूएफ (सूक्ष्म गाळणी) पुरतात आणि आरओमधून वाया जाणारे पाणीही वाचते.

नळ आणि सिंक

उंची नळ निवडताना पहिला प्रश्न दाबाचा असतो. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब उंचीवर ठरतो, आणि दर मीटर उंचीला तो साधारण ०.१ बार असतो. दुमजली घरात वरच्या मजल्यावरच्या ओट्यापासून टाकीतील पाण्याची पातळी तीन मीटर उंच असेल, तर नळापाशी जेमतेम ०.३ बार दाब मिळतो. बाहेरून आलेल्या, तोंड ओढून बाहेर घेता येणाऱ्या अनेक नळांना किमान अर्धा ते एक बार दाब लागतो. असा नळ शोरूममध्ये पंपावर जोरात वाहताना दिसतो आणि घरी आल्यावर त्यातून बारीक धार येते. खोक्यावर किंवा पुस्तिकेत किमान दाबाचा आकडा असतो. तो आपल्या घराशी जुळत नसेल तर प्रेशर पंपाचा खर्च आधीच हिशेबात धरावा, किंवा सरळ दुसरा नळ घ्यावा.

नळाचे अंग पितळेचे आहे की जस्ताच्या मिश्रधातूचे, हे दुकानदाराला विचारावे आणि बिलावर लिहून घ्यावे. हातात घेतल्यावर पितळी नळ चांगलाच जड लागतो. आत सिरॅमिक चकत्यांचे कार्ट्रिज, म्हणजे पाणी उघड-बंद करणारा भाग, असावे आणि ते सुटे मिळत असावे. बहुतेक नळांत ३५ किंवा ४० मिलिमीटरचे कार्ट्रिज असते. त्यापेक्षा वेगळे, केवळ त्याच कंपनीचे माप असेल, तर पाच वर्षांनी गळका नळ दुरुस्त करण्यासाठी अख्खा नळ बदलावा लागू शकतो. काळा मॅट नळ सध्या फार मागितला जातो. जड पाण्याच्या घरात त्यावर प्रत्येक थेंबाचा पांढरा ठिपका उठून दिसतो; अशा घरांनी घासलेल्या स्टीलसारखा रंग निवडावा, असा माझा आग्रह राहील.

नळाच्या तोंडाशी असलेली जाळी, म्हणजे एरेटर, ही निगेची सर्वांत दुर्लक्षित जागा आहे. धार वाकडी पडू लागली किंवा दोन धारा फुटू लागल्या, की समजावे ती जाळी भरली आहे. कापडाचा तुकडा गुंडाळून ती हाताने किंवा पान्याने सोडवावी, उलटी करून तळहातावर आपटावी. आतून वाळूचे कण, टाकीतल्या गंजाचे तपकिरी पापुद्रे आणि क्षाराची पांढरी खडी बाहेर पडते. मग एका वाटीत कोमट पाणी घेऊन त्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूफूल, विरघळवावे आणि जाळी अर्धा तास त्यात ठेवावी. बारीक बुडबुडे येतात आणि थर सुटतो. परत बसवताना रबरी वायसर आपल्या जागी आहे ना, ते पाहावे. नवीन टाकी धुतल्यानंतर किंवा रस्त्यावर पाइपलाइनचे काम झाल्यानंतर हे काम आवर्जून करावे.

हेच लिंबूफुलाचे पाणी ओट्यावर सांडू देऊ नये. कडप्पा आणि कोटा हे चुनखडीचे दगड आहेत आणि संगमरवरही त्याच जातीचा आहे. आंबट पाण्याने त्यांची झिलई कायमची उडते. ग्रॅनाइटला तितका धोका नाही. नळाच्या क्रोमवरही आम्ल दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये आणि नंतर साध्या पाण्याने धुऊन कोरडे पुसावे.

सिंकसाठी ३०४ दर्जाचे स्टेनलेस स्टील घ्यावे; त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. लोहचुंबक चिकटत नाही म्हणजे स्टील ३०४ आहे, असे दुकानात सर्रास दाखवले जाते, परंतु २०० मालिकेतील स्वस्त स्टीललाही चुंबक बहुधा चिकटत नाही. त्यामुळे ही परीक्षा पुरेशी नाही. शिक्का, जाडी आणि लेखी हमी पाहावी. पत्रा एक मिलिमीटर किंवा त्याहून जाड असावा आणि खालच्या बाजूला आवाज कमी करणारे रबरी थर असावेत. ओला लोखंडी तवा रात्रभर सिंकमध्ये ठेवला, तारेच्या घासणीने घासले किंवा ब्लीचिंगचे पाणी साचू दिले, तर उत्तम स्टीलवरही गंजाचे ठिपके उठतात. स्पंज, सौम्य साबण आणि रात्री शेवटी कोरडे फडके एवढ्यावर सिंक वर्षानुवर्षे नव्यासारखे राहते.

चिमणी, हॉब आणि नागपुरी फोडणी

चिमणी घेताना सगळे लक्ष शोषणक्षमतेच्या आकड्याकडे जाते. दहा बाय आठ फुटांच्या आणि दहा फूट उंचीच्या स्वयंपाकघरात सुमारे २३ घनमीटर हवा असते. ती तासाला पंधरा वेळा बदलायची म्हटली तरी साडेतीनशे घनमीटर पुरतात. मग ताशी १२०० किंवा १५०० घनमीटरची चिमणी असूनही धूर खोलीत का राहतो? कारण तो आकडा बहुधा मोकळ्या हवेतला असतो आणि घरात पाइप त्या हवेचा गळा दाबतो. सहा इंची तोंडाला चार इंची पाइप जोडणे, घड्या पडलेली लवचीक ॲल्युमिनियमची नळी खोट्या छतातून फिरवणे आणि तीन-चार काटकोनी वळणे देणे, यांनी कितीही दमदार चिमणी निकामी होते. पाइप सर्वत्र चिमणीच्या तोंडाएवढाच, शक्यतो ताठ, आखूड आणि दोनपेक्षा अधिक वळणे नसलेला असावा. म्हणून सुतार ट्रॉल्यांचे माप घेण्याआधी पाइपचा मार्ग ठरवावा. हॉबपासून चिमणीची उंची साधारण ६५ ते ७५ सेंटीमीटर ठेवावी आणि रुंदी हॉबपेक्षा कमी नसावी.

उन्हाळ्यात येथे आणखी एक गोष्ट घडते, जिची नोंद कोणत्याच पुस्तिकेत नसते. कुलर लावला की घरात येणारी हवा बाहेर जायला वाट लागते, आणि अनेक घरांत ती वाट म्हणजे स्वयंपाकघराची खिडकी असते. या झोतामुळे गॅसची ज्योत तिरपी होते आणि धूर चिमणीखालून आडवा निसटतो. अशा वेळी ओट्याजवळची खिडकी लावून घ्यावी आणि कुलरची हवा चिमणीवाटेच बाहेर जाऊ द्यावी. कुलर हवा आत ढकलतो, चिमणी ती बाहेर ओढते आणि दोन्हींचे काम सुधारते. कुलर बंद असताना मात्र चिमणीला हवा मिळण्यासाठी कुठेतरी दार किंवा खिडकी किलकिली ठेवावी लागते.

सांभारवडी तळणे, सावजी मसाला तेलात परतणे किंवा खसखस-खोबरे भाजणे, यांतून निघणारी तेलाची वाफ जाळीच्या फिल्टरला फार लवकर बुजवते. आपल्या स्वयंपाकासाठी बॅफल फिल्टर (वाकवलेल्या पट्ट्यांचा) किंवा फिल्टरविरहित रचना बरी. ऑटो-क्लीनच्या बटणाने आतील हीटर तापून पंख्यावरचे तेल वितळते आणि वाटीत जमा होते, इतकेच. चिमणीचा आतला पत्रा आणि पाइप त्याने स्वच्छ होत नाहीत. तळण-परतणे वारंवार होणाऱ्या घरात हे बटण दर पंधरवड्याला वापरावे, तेलाची वाटी भरू देऊ नये आणि बॅफल फिल्टर दर दोन-तीन आठवड्यांनी गरम पाणी व भांड्यांच्या साबणात भिजवून धुवावेत. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला खातो, म्हणून फिल्टर स्टीलचे आहेत याची खात्री झाल्याशिवाय तो वापरू नये. स्वयंपाक आटोपल्यावर चिमणी पाच-दहा मिनिटे चालू ठेवली, तर आतला चिकटा बराच कमी होतो.

हॉबचे बर्नर पितळी असावेत आणि प्रत्येकाला ज्योत विझल्यास गॅस बंद करणारी सुरक्षा यंत्रणा असावी. कुलरच्या झोतात ज्योत विझण्याची शक्यता असलेल्या घरात मी ती अनिवार्य मानतो. बर्नरशेजारी उभी असलेली छोटी धातूची कांडी, म्हणजे थर्मोकपल, तापली की अगदी क्षीण वीज निर्माण होते आणि तिच्या जोरावर झडप उघडी राहते. म्हणून पेटवताना नॉब पाच-दहा सेकंद दाबून धरावा लागतो. नॉब सोडताच ज्योत विझू लागली, तर बहुधा त्या कांडीच्या टोकावर उतू गेलेल्या दुधाचा किंवा वरणाचा काजळलेला थर असतो. हॉब पूर्ण थंड झाल्यावर ते टोक कोरड्या फडक्याने हळूच पुसावे. कारागीर बोलावण्याची वेळ बहुतेकदा येत नाही.

काचेच्या हॉबवर बर्नरच्या मानाने फार रुंद तळाचे पातेले किंवा मोठा तवा ठेवू नये, कारण उष्णता तळावरून परतून काचेवर येते. तापलेल्या काचेवर गार पाण्याचा फडका फिरवणेही टाळावे. ज्योत पिवळी पडली आणि भांडी काळी होऊ लागली, तर बर्नरची छिद्रे सुईने मोकळी करावीत आणि हवेचे प्रमाण तपासून घ्यावे.

गॅसच्या सुरक्षिततेबद्दल मात्र कोणतीही तडजोड मान्य करू नये. मॉड्युलर स्वयंपाकघरात सिलिंडर ट्रॉलीमागे बंद कपाटात ठेवला जातो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाल्यास तळाशी साचतो. म्हणून त्या कपाटाला जमिनीलगत जाळी हवीच, केवळ वर दिलेली छिद्रे पुरत नाहीत. नळी आयएसआय चिन्हाची असावी, तिच्यावर छापलेली मुदत पाहावी आणि पाच वर्षांनी ती बदलावी.

इंडक्शन हॉब घ्यावा का, असे अनेक जण विचारतात. चहा, दूध, वरण-भात यांसाठी तो उत्तम आणि उन्हाळ्यात स्वयंपाकघर कमी तापवणारा आहे. पण गोल बुडाची कढई, पितळी पातेले आणि वांग्याचे भरीत त्यावर होत नाही. दोन गॅस बर्नर आणि एक-दोन इंडक्शन असा मिश्र हॉब आपल्या घरांना अधिक शोभतो.

वीज, उष्णता आणि फ्रिज

चार बर्नरचा पूर्ण इंडक्शन हॉब ७.२ किलोवॅटपर्यंत वीज घेतो, म्हणजे २३० व्होल्टवर सुमारे ३१ अँपिअर. उन्हाळ्यात एसी चालू असताना हा भार पेलणार का, हे महावितरणच्या बिलावरील मंजूर भार पाहून ठरवावे आणि लागल्यास तो वाढवून घ्यावा. हॉब, ओव्हन आणि डिशवॉशर यांना मुख्य बोर्डापासून स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी (जादा भार आल्यास वीज तोडणारा स्विच) द्यावा. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि पावसाळ्याआधीच्या वादळांसाठी सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या अचानक उसळीपासून वाचवणारे उपकरण) बसवावा. स्वतंत्र घरांत अर्थिंगकडेही पाहावे. नागपूरच्या अनेक भागांत काळी माती आहे. उन्हाळ्यात ती वाळून भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्याभोवतीचा ओलावा जातो आणि अर्थिंग कमजोर पडते. मार्च ते जून या काळात त्या खड्ड्यात नियमित पाणी घालावे आणि वर्षातून एकदा वायरमनकडून मोजून घ्यावे.

फ्रिजच्या माहितीच्या पट्टीवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. 'एन' वर्गाचा फ्रिज ३२ अंशांपर्यंत, 'एसटी' ३८ पर्यंत आणि 'टी' ४३ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेला असतो. नागपुरात 'टी' वर्गाशिवाय दुसरा फ्रिज घेऊच नये, मग तो कितीही सुंदर दिसो. वरच्या मजल्यावर स्लॅबखाली असलेले स्वयंपाकघर ही मर्यादाही ओलांडू शकते, म्हणून फ्रिज पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला लावू नये. बिल्ट-इन फ्रिजच्या कपाटाला खालून हवा आत घेणारी आणि वरून बाहेर सोडणारी, प्रत्येकी साधारण २०० चौरस सेंटीमीटरची मोकळी वाट लागते. दिसायला बरे म्हणून सुतार ती बुजवतो, आणि मग कॉम्प्रेसर दिवसभर थांबत नाही. दाराच्या रबरात कागद अडकवून ओढून पाहावा; तो सहज निसटला तर रबर कोमट पाण्याने पुसावे आणि तरीही फरक पडला नाही तर बदलावे.

खरेदीच्या कागदावर

किंमत ठरवण्याआधी त्या कंपनीचा प्रशिक्षित कारागीर नागपुरातच राहतो की पुण्या-मुंबईहून येतो, कार्ट्रिज, थर्मोकपल, पंखा आणि सर्किट बोर्ड किती दिवसांत मिळतात, आणि जड पाण्यामुळे झालेला बिघाड वॉरंटीत येतो का, हे तीन प्रश्न विचारावेत. तिसऱ्याचे उत्तर बहुधा नकारार्थी असते, आणि ते खरेदीआधी कळलेले बरे. जवळच सेवा असलेली थोडी साधी वस्तू ही सेवा नसलेल्या आलिशान वस्तूपेक्षा मी केव्हाही निवडेन. बिलावर मॉडेलचा पूर्ण क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून घ्यावा, बसवणीच्या दिवशी पाइप, वायरी आणि पाण्याच्या जोडण्यांची छायाचित्रे ट्रॉल्या बसण्याआधी काढून ठेवावीत. वार्षिक देखभालीचा करार करायचा असेल, तर पहिली भेट होळीच्या आधी आणि दुसरी पावसाळा संपल्यावर ठरवावी, आणि त्या भेटीत चिमणीचा पाइप उघडून पाहणे व डिशवॉशरचा थर काढणे समाविष्ट आहे, हे करारात लेखी घ्यावे.